आधी थांबायला शिकवा

जालन्यात आमच्या अंगणातली पद्मिनी धावायला अजून तयार असते. प्रश्न थांबण्याचा आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती निघाली तेव्हाचे रस्ते निराळे. डिसेंबर २०२२ मध्ये जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि आमच्या धाकट्याला १०० चा वेग खुणावू लागला.

त्याला गाडी खाली बसवून रुंद चाके हवी होती. मिस्त्री म्हणाले, "आधी ब्रेक, भाऊ." ड्रम तापले की पकड जाते. जुने ब्रेक ऑइल ओलावा शोषते, मग लवकर उकळते आणि पेडल पोकळ जाते. म्हणून ऑइल, होज, लायनर पहिले. पुढे डिस्क बसवायची तर मागच्या ड्रमशी जोर जुळायला हवा. मागची चाके आधी अडकली तर गाडी गिरकी घेते. पाट्यांना कमान, नवे बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांनीच निम्मे काम होते. पुढच्या स्प्रिंगा कापणे नकोच. आमच्या गतिरोधकांवर पोट घासेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. मूळ रचना बदलण्याआधी आरटीओत विचारलेले बरे.

धाकटा चार दिवस रुसला. परवा रिकाम्या रस्त्यावर त्यानेच ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. मागे आजीजवळची मोसंब्यांची पिशवी कलंडलीसुद्धा नाही.