बुडीतक्षेत्रातील सोळा आणे जमीन

भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव आज मुंबई-नाशिक महामार्गावरील नाक्यामुळे आणि आसपासच्या अवाढव्य गोदामांमुळे प्रवाशांच्या परिचयाचे असले, तरी ज्या भातखाचरांवर मुरमाचा भराव पडून गोदामे उभी राहिली, तशा खाचरांच्या मातीची योग्यता जाणून घेण्याचे अगत्य आता अधिक वाढले आहे. कारण याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातील काळू नदीवर, शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी मोठे धरण योजिलेले असून, त्यात अशीच खाचरे बुडणार आहेत; वनजमिनीची मंजुरी मिळण्यापूर्वीच आरंभिलेल्या त्याच्या कामास २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली होती.

हा सारा मुलूख काळ्या कातळाचा. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतारावरील बारीक माती धुऊन नेतो आणि नदीकाठच्या सखल भागात ती आणून टाकतो. त्यामुळे एकाच गावाच्या शिवारात माथ्यावर वीतभर मुरमाड थर, मध्ये तांबूस हलकी जमीन आणि तळाशी खोल, चिकण, ओल धरून ठेवणारी माती असा क्रम आढळतो. वरच्या जमिनीला आपल्याकडे वरकस म्हणतात. तेथे नागली-वरई पिकते, गवत वाढते आणि राबासाठी पाला मिळतो; भात पिकते ते खालच्या खाचरांत.

खाचरात कुदळीने हातभर खड्डा घेऊन पाहावे. वरची राखी माती ओली करून बोटांत वळली, तर तिची न तुटणारी बारीक वळी होते. तिच्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने दबून घट्ट झालेला थर लागतो, आणि त्यात मुळांच्या वाटेने उमटलेल्या तांबड्या रेषा दिसतात. हा घट्ट थर पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून आवण लावल्यावर पाणी बांधात तुंबून राहते. असा थर बनण्यास शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांचे श्रम लागतात, आणि विस्थापितांना पर्यायी जमीन म्हणून दिलेल्या मुरमाड माळावर तो एका कलमी हुकुमाने निर्माण होत नाही.

जमिनीची प्रत ठरविण्याची विद्या आपल्या महसूलखात्यास नवी नाही. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी १८४७ साली सादर केलेल्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या पाहणी-बंदोबस्ताची घडी बसविली. त्यात पावणेदोन हात खोलीच्या उत्तम मातीस सोळा आणे धरून, खोली कमी होत जाईल तसतशी, तसेच चुनखडी, वाळू, उतार असा दोष आढळेल तेथे, आणेवारी उतरविली जाई. भातजमिनीसाठी ओलावा व बांधबंदिस्ती यांचाही विचार होई. आजच्या मृदासर्वेक्षणात खोली, पोत, निचरा, उतार आणि धूप हेच मुख्य निकष आहेत.

या निकषांवर प्रस्तावित जलाशयाकडे पाहिले, की मोठी विसंगती ध्यानी येते. बुडीतक्षेत्रात प्रथम जाते ती दरीच्या तळची सोळा आणे जमीन, आणि काठावर उरते ते वरकस. पाणी ओसरल्यावर काठाच्या गाळात होणारी गाळपेर काहींना आधार देते खरी, परंतु जिचा हंगाम पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो, ती शेती कायम कबजाच्या खाचराची बरोबरी करू शकत नाही.

१९७६ साली राज्याने केलेल्या पुनर्वसन कायद्याची मूळ कल्पना अशी होती, की धरणाच्या पाण्याने ज्यांची जमीन भिजणार, त्यांच्या लाभक्षेत्रातील जमिनीचा काही हिस्सा विस्थापितांस द्यावा. ठाणे जिल्ह्यातीलच भातसा धरणाचे पाणी पिसे येथे उचलून मुंबईस नेले जात असले, तरी त्या प्रकल्पास कालवे तरी आहेत. काळूसारख्या ज्या धरणाचे सारे पाणी नळावाटे शहरास जावयाचे, त्याला लाभक्षेत्रच नसते. मग विस्थापिताला द्यावयाची तोलामोलाची जमीन कोठून यावी? हा प्रश्न मला धरणाच्या उंचीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

म्हणून काळू प्रकल्पाचा अंतिम निर्णय होण्यापूर्वी बुडीतक्षेत्रातील आणि पर्यायी अशा दोन्ही जमिनींची खड्डे घेऊन मृदापाहणी व्हावी, तिचा नकाशा प्रत्येक बाधित गावच्या चावडीवर लावला जावा आणि ग्रामसभेत तो सर्व्हे नंबरनिहाय वाचून दाखविला जावा, अशी मागणी संबंधित गावकऱ्यांनी आणि त्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शहरवासीयांनीही एकमुखाने केली पाहिजे.