गिऱ्हाइकाने कोणत्या भाषेत बोलावे?

मैत्रिणींनो, फेब्रुवारी महिना म्हणजे आमच्या निफाडकडे द्राक्षांची ऐन धांदल. बागांमधून तोडणी चाललेली, रस्त्यावर क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग, आणि पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली माणसे शिवारात झोपड्या बांधून राहिलेली. अशाच एका संध्याकाळी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला मी औषधाच्या दुकानात गेले होते. माझ्यापुढे एक तरुण बाई उभी होती. कडेवर वर्षा-दीड वर्षाचे मूल, मान टाकलेले, ओठ सुकलेले. पदराला धरून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी. बाई दुकानदाराला काहीतरी भराभर सांगत होती आणि ते त्याला उमगत नव्हते.

"अगं बाई, धड मराठीत सांग की! मला काय कळतंय तुझं?" तो म्हणाला. रांगेतले दोघे-तिघे हसले. खोटे कशाला सांगू, मीही हसले.

त्यावर ती बाई जी गप्प झाली ती झालीच. तिने फक्त मुलाच्या पोटावर हात ठेवून दाखवला. दुकानदाराने अंदाज केला, मीठ-साखरेच्या पुड्या, म्हणजे आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्या दोन काढून दिल्या, "पाण्यात टाकून पाज" म्हणाला आणि पैसे घेतले. माणूस वाईट नाही हो. रात्री-अपरात्री शटर उघडून देणारा आहे. पण गर्दी होती आणि त्याला घाई होती.

मी गोळ्या घेऊन बाहेर आले तर ही बाई दुकानाबाहेरच्या पाण्याच्या जारपाशी बसलेली. अर्धा पेला पाणी घेतलेले आणि अख्खी पुडी त्यात रिकामी करायला निघालेली! मी जवळजवळ ओरडलेच, "बाई, थांबा!"

आपल्यापैकी प्रत्येकीला हे ठाऊक असायला हवे म्हणून सांगते. ती मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सबंध पुडी विरघळवायची, घोट-घोट पाजायचे आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यायचे. २०० मिलीलिटरच्या लहान पुड्याही मिळतात, तेव्हा पुडीवरचा आकडा पाहायचाच. अर्ध्या पेल्यात सगळी पुडी ढवळली तर मुलाच्या अंगात मिठाचे प्रमाण वाढते, आणि जे औषध म्हणून द्यायचे तेच बाधते. "पाण्यात टाकून पाज" एवढ्या सांगण्यात 'किती पाण्यात' हे राहूनच गेले होते. तिने विचारले नाही. कशी विचारील? तिचे तोंड तर आपणच बंद केले होते.

मी दुकानातून लिटरची पाण्याची बाटली विकत आणली आणि खुणांनी दाखवू लागले. तेवढ्यात ती पोरगी स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, सगळी पुडी एवढ्या बाटलीत ना? मी सांगते आईला." आश्रमशाळेत जाणारी मुलगी, द्राक्षांच्या दिवसांत आईबापांबरोबर आलेली. एवढा वेळ ती तिथेच उभी होती. तिला विचारावे हे दुकानदाराला सुचले नाही, रांगेतल्या कुणाला सुचले नाही, आणि मलाही नाही.

ती बाई बोलत होती ती कोकणा बोली. (कोकणा म्हणजे कोकणी नव्हे, पुष्कळजणींचा हा घोटाळा होतो.) सुरगाणा, पेठ आणि पलीकडे गुजरातेतले डांग-धरमपूर, या डोंगरपट्ट्यातली ती भाषा. म्हणजे बाई परमुलखातली नव्हे, आपल्याच नाशिक जिल्ह्यातली! तरी आमच्या बाजारात ती परकी ठरली.

ही गोष्ट मी कदाचित विसरूनही गेले असते. पण पंधरा दिवसांनी बँकेत जायची वेळ आली. मुदतठेवीवर नॉमिनी म्हणून मुलीचे नाव लावायचे होते. फॉर्म मी मराठीत भरला, नीट, सुवाच्य अक्षरात. खिडकीपलीकडचा तरुण अधिकारी उत्तरेकडून नुकताच बदलून आलेला. त्याने फॉर्म परत सरकवला. "मॅडम, हिंदी या इंग्लिश में भरिए. मराठी नहीं चलेगा."

मी बी. ए. झालेली बाई. वादविवाद स्पर्धेत ढाल मिळवलेली. पण मागे रांग, पुढे काच, आणि माझा आवाज असा खाली गेला की माझा मलाच ऐकू येईना. फॉर्म उचलला आणि घरी आले. वाटेत ती कोकणा बाई डोळ्यांसमोर उभी राहिली, ते वेगळे सांगायला नकोच.

घरी आल्यावर चौकशी केली तेव्हा कळले की रिझर्व्ह बँकेच्या सूचना अगदी उलट आहेत. खाते उघडण्याचे फॉर्म, पैसे भरण्याच्या स्लिपा, पासबुके वगैरे जे जे छापील साहित्य ग्राहकाच्या हाती पडते, ते हिंदी, इंग्रजी आणि त्या प्रांताची भाषा अशा तिन्हींत असावे. खिडक्यांवरच्या पाट्याही तशाच. इतकेच काय, चेक छापलेला हिंदी-इंग्रजीत असला तरी तो आपण मराठीतून लिहू शकतो. किती जणींना हे माहीत आहे? मला नव्हते. दुसऱ्या दिवशी तोच मराठी फॉर्म घेऊन थेट मॅनेजरकडे गेले. दहा मिनिटांत काम झाले.

आता आमच्या ह्यांचे म्हणणे ऐका. "तुझं आपलं दोन्हीकडून! बँकेतल्या माणसाने मराठी शिकायचं म्हणतेस, आणि बाहेरून आलेल्या मजुराने दुकानात मराठी बोललं नाही तरी चालेल म्हणतेस. मग मराठी टिकायची कशी?"

प्रश्न खरा आहे, आणि मी त्यावर बराच विचार केला. मला वाटते, काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे हा फरक आहे. पलीकडच्याच्या हातात माल असतो, पैसा असतो, शिक्का असतो. अलीकडच्याला फक्त गरज असते. भाषेची अट घालायचीच तर ती ज्याच्या हाती शिक्का आहे त्याच्यावर घालावी. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखिका शोभा देशपांडे कुलाब्यातल्या एका सराफाच्या दुकानात गेल्या. मराठीत बोलायला नकार मिळाला म्हणून त्या रात्रभर दुकानाबाहेर फुटपाथवर बसून राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराने माफी मागितली. तिथे माझे मन पूर्णपणे त्यांच्या बाजूचे. दुकानांच्या पाट्यांचेही तसेच. २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. योग्यच झाले. पण ही सगळी बंधने विकणाऱ्यावर आहेत, घेणाऱ्यावर नाहीत.

घेणाऱ्यावर बंधन घातले की काय दिसते ते पाहायचे तर अमेरिकेतले एक उदाहरण आहे. फिलाडेल्फियात जीनोज स्टेक्स नावाचे सँडविचचे प्रसिद्ध दुकान. मालकाने २००५ मध्ये खिडकीवर पाटी लावली की हा अमेरिका देश आहे, मागणी इंग्रजीतच करावी. मोठे वादंग झाले. शहराच्या मानवी संबंध आयोगाने २००८ मध्ये दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की पाटीमुळे कायद्याचा भंग होत नाही. मालकाचे म्हणणे, मी कुणालाही उपाशी परत पाठवलेले नाही. नसेलही. पण गंमत अशी की त्याचे आजी-आजोबाच इटलीतून आलेले! पाटी अखेर २०१६ मध्ये उतरली. आता आपल्या कितीतरी जणी लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला तिकडे जातात. अशा खिडकीपुढे आपली आई उभी आहे असे क्षणभर मनात आणा. इंग्रजी शब्द ओठांवर येत नाही, मागचा माणूस घड्याळ पाहतो आहे. नातवासाठी खाऊ न घेताच ती परत फिरेल आणि घरी सांगेल, "मला काही घ्यायचंच नव्हतं."

माणसे भाषा शिकतात, नाही असे नाही. पण ती शिकायला वेळ लागतो आणि सांभाळून घेणारे कुणीतरी लागते. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली आमच्या याच निफाडात जन्मले. त्यांनी रमाबाईंना घरी बसून आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवले, तरी घरातल्या बायकांची बोलणी रमाबाईंना किती खावी लागली ते त्यांच्याच आठवणींत आहे. आपल्याच तालुक्यात ओझरला १९६४ मध्ये विमान कारखाना आला, आणि त्याच्याबरोबर नाना प्रांतांतली कुटुंबे. ती मराठी शिकली ती शेजारणींकडून, भाजीवालीकडून, मुलांच्या शाळेतून. "आधी मराठी, मग माल" असे म्हणून कुणी त्यांना शिकवले नव्हते.

आणि आपल्या भागात तर हा जिवाशी खेळ आहे, कारण इथे दुकानांतून विषही विकले जाते. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या पाहिल्यात ना? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी त्यांच्यावर रंगाची खूण सक्तीची केली. चौकटीचा खालचा त्रिकोण लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. माहितीपत्रकही हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेत हवे. नियम करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी एवढे उमगले होते की बाटली हाताळणाऱ्याला अक्षर येईलच असे नाही. पण रंगाचा अर्थ तरी कुणी सांगायचा? ज्यांच्या घरी बाग आहे त्या मैत्रिणींना माझी हात जोडून विनंती आहे. कामाला आलेल्या बायकांना तो त्रिकोण एकदा दाखवा, त्यांच्यातल्या शाळकरी पोराकडून त्यांच्या बोलीत वदवून घ्या. आणि रिकाम्या बाटल्या झोपडीत तेल-पाणी भरायला जाऊ देऊ नका. त्या धुऊन वापरता येतात असे आपल्याही काही घरांत समजतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

ज्यांच्या घरचे दुकान आहे त्यांनी आपल्या माणसांना एवढे तरी सांगावे: किंमत बोटांनी नव्हे, कागदावर आकड्यात लिहून द्यावी, औषध किती वेळा ते पाकिटावर रेघा ओढून दाखवावे, सकाळची एक, रात्रीची एक, आणि गिऱ्हाइकाकडून खुणेने का होईना, परत म्हणवून घ्यावे. समोरचा बाहेरचा दिसला की आपण लगेच मोडके हिंदी सुरू करतो, ही मात्र आपली वाईट खोड. सावकाश मराठीत बोलावे, वस्तूकडे बोट दाखवावे. नाही कळले तर हिंदी आहेच.

त्या बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको, पुढे कळले, आमच्याच गल्लीत राहायला आली होती. पहिल्याच आठवड्यात ती डेअरीवर "जामन" मागायला गेली. डेअरीवाल्याला वाटले जांभूळ. "अहो, थंडीत कुठली जांभळं?" म्हणून तिथली मंडळी खो-खो हसली आणि ती बिचारी रिकामी वाटी घेऊन परत आली. भाजीवाल्या आक्कांनी हे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला जुडीगणिक एकेक शब्द देऊ लागल्या. मेथी, शेपू, आंबट चुका. चुकली तर आक्का पुन्हा म्हणायला लावायच्या, पण भाजी आधी पिशवीत टाकून.

परवा सकाळी दार वाजले. ती उभी, हातात तीच वाटी. नुकतेच शिकलेले शब्द जपून उच्चारत म्हणाली, "ताई, थोडं विरजण आहे का?"

दिले. आणि तिच्या यजमानांना दाखवायला म्हणून माझ्या मराठी फॉर्मची पोचही सोबत दिली.