आहेर
विवाह, मुंज, बारसे, वास्तुशांती इ. मंगलप्रसंगी आप्तेष्टांनी यजमानास आणि यजमानाने आप्तेष्टांस द्यावयाची भेट. वस्त्र, पात्र, अलंकार किंवा रोख रक्कम असे तिचे स्वरूप असते. पाहुण्यांनी वधूवरांना दिलेला तो आहेर आणि निरोपाच्या वेळी यजमानाने पाहुण्यांच्या हाती ठेवलेला तोही आहेरच. देणे व परत देणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात सामावल्या असल्यामुळे आहेरास घराण्याघराण्यांमधील चालू खाते म्हणणे यथार्थ ठरेल.

परंपरागत आहेरात वस्त्रास अग्रस्थान आहे. वस्त्र देणे ही मान देण्याची खूण होय. पेशवेपदाची नियुक्तीही साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे मिळूनच होत असे. लग्नघरात हा मान नात्यानुसार ठरतो. अष्टपुत्री ही वधूची पिवळी साडी अनेक घराण्यांत मामाकडून येते. कानपिळीच्या विधीत वराचा कान पिळणाऱ्या वधूच्या भावास वराकडून वस्त्र मिळते. विहिणीचे लुगडे इतर स्त्रियांच्या लुगड्यांहून उंची असावे लागते. दूरच्या पाहुण्यांची बोळवण उपरणे, टोपी किंवा टॉवेल व नारळ देऊन, तर त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांची ओटी चोळीचा खण व नारळ यांनी भरून करतात. कर्नाटकातील गुळेदगुड्ड येथे विणल्या जाणाऱ्या खणांना महाराष्ट्रात मोठी मागणी राहिली, तिचे एक कारण ही प्रथा होय. कोणास काय द्यावयाचे याची यादी बहुधा घरातील वडीलधारी स्त्री करते. लग्नातील बरेचसे रुसवेफुगवे याच यादीतून उगम पावतात आणि चुकलेला मान पुढील पिढीपर्यंत लक्षात राहतो.

आलेला आहेर लिहून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. मांडवात एक विश्वासू आप्त वही घेऊन बसतो आणि देणाऱ्याचे नाव, गाव व वस्तू वा रक्कम नोंदवितो. ग्रामीण भागात ही नोंद मोठ्याने पुकारली जाते. ध्वनिक्षेपक आल्यापासून ती सगळ्या गावाला ऐकू जाते. देणाऱ्याच्या घरी कार्य निघाले, की ही वही पाहूनच परतफेड केली जाते. परतफेड मूळ आहेराहून किंचित अधिक असावी, असा संकेत आहे. तंतोतंत बरोबरी केल्यास हिशेब मिटला आणि संबंधही मिटला, असा अर्थ निघू शकतो. ११, २१, ५१, १०१ या रकमांतील वरचा एक रुपयाही खाते पुढे चालू राहावे म्हणूनच, असे सांगतात. जपानमध्येही विवाहात दोन सम भागांत विभागली जाईल अशी रक्कम देणे टाळतात, आणि पाहुण्यांना परतताना यजमानाकडून भेटवस्तू मिळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात देणे, स्वीकारणे व परत करणे ही तिन्ही बंधने परस्परांशी निगडित असल्याचे दाखविले. आहेराची वही हे त्याचे घरगुती उदाहरण होय. शेतकरी व कारागीर कुटुंबांना तर हा आहेर लग्नाच्या खर्चास बिनव्याजी कर्जासारखा उपयोगी पडत आला आहे. उत्तर भारतातील न्योता याच प्रकारचा आहे.

हा समतोल भाऊबंद व शेजारी यांच्यापुरताच खरा आहे. व्याह्या-व्याह्यांमध्ये तो ढळतो. कन्यादान केलेल्या पित्याने वरपक्षाकडून काही घेऊ नये, या समजुतीमुळे देण्याची बाजू वधूपक्षाकडेच राहते आणि मानपानाच्या नावाखाली तिची मागणी वाढत जाते. येथे आहेर व हुंडा यांमधील सीमा पुसट होते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यापुढेही हीच अडचण होती. १९८४ च्या दुरुस्तीने मागणी न करता दिलेल्या भेटी वगळल्या खऱ्या. परंतु त्यांची यादी असणे आवश्यक ठरविले, तसेच वधूपक्षाकडील भेटी रूढीला धरून असाव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात, अशी अट घातली. १९८५ च्या नियमांनुसार या यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते यांची नोंद आणि वधूवरांच्या सह्या लागतात. मांडवातली वही लोक काटेकोरपणे लिहितात. कायद्याने सांगितलेली ही यादी मात्र क्वचितच केली जाते. वास्तविक, स्त्रीधनाविषयी वाद उद्‌भवल्यास वधूला खरा आधार तिचाच होऊ शकतो.

गोव्यातील ख्रिस्ती समाजात वधूच्या घरून वराकडे ‘वजें’ जाते. त्यात दोदोल, बोल यांसारखे गोड पदार्थ व केळी असतात आणि ते शेजारीपाजारी वाटतात.

तांब्यापितळेच्या भांड्यांची जागा पुढे स्टेनलेस स्टीलने घेतली. भांड्यावर देणाऱ्याचे नाव व तारीख कोरण्याची चाल मात्र तशीच राहिली. दुकानांत ‘देण्याघेण्याच्या’ म्हणून स्वस्त साड्यांचा वेगळा गठ्ठा असतो. त्यांतील पुष्कळशा कोणीही न नेसता एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहतात. ‘घरचा आहेर’ हा वाक्प्रचार आपल्याच माणसाने केलेल्या टीकेस उपरोधाने योजतात. शहरांतील निमंत्रणपत्रिकांवर ‘आहेर आणू नये’ अशी ओळ अनेकदा छापलेली असते. पाहुण्यांना निरोप देताना नारळ, पेढ्यांची पुडी, पुस्तक किंवा एखादे रोप देण्याचा प्रघात मात्र अशा लग्नांतही पाळला जातो.