तळवासी माशांची मोजदाद

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येऊ लागले. डोंगरात खनिज किती आहे हे ठरविण्याची रीत तशी सरळ आहे. ठरावीक अंतरांवर वेधछिद्रे पाडावयाची, वर आलेल्या नमुन्यांची तपासणी करावयाची आणि थराची जाडी व विस्तार यांवरून साठ्याचे अनुमान काढावयाचे. खनिज जागचे हलत नाही आणि वाढतही नाही. जेवढे उपसले तेवढे कमी झाले, हा त्याचा हिशेब. दल्ली-राजहराचे चांगल्या प्रतीचे खनिज ओसरू लागल्यावर रावघाटच्या खाणी विकसित कराव्या लागल्या, त्या याच हिशेबाने.

मत्स्यशास्त्रज्ञही ‘साठा’ हाच शब्द वापरतात. परंतु त्यांचा साठा पाण्याखाली असतो, पोहत असतो आणि स्वतःची भर स्वतःच घालीत असतो. घोळ, दाढा, कोत, वाम, धोमा, राणी, लेप हे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मासे समुद्राच्या तळाशी किंवा तळालगत राहतात. त्यांना तळवासी मासे म्हणावे. अशा साठ्याचा जमाखर्च ई. एस. रसेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३१ साली एका साध्या समीकरणात मांडला. वर्षारंभीच्या साठ्यात नव्याने भरती होणारी लहान मासळी मिळवावी, जिवंत माशांच्या वजनात झालेली वाढ मिळवावी. त्यातून कोळ्यांनी पकडलेली मासळी आणि रोग, वार्धक्य वा मोठ्या माशांचे भक्ष्य होऊन मेलेली मासळी वजा करावी. जमा आणि खर्च सारखे असतील तर साठा टिकून राहतो. म्हणजे मासेमारी केली की साठा बिघडलाच, असे नव्हे. किती मासेमारी त्याला पेलते, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकले तर जाळी, नौका आणि कर्जे तशीच राहतात व मासा मात्र जातो.

वाचकाला सहज असे वाटेल की, धक्क्यावर उतरणारी मासळी दरवर्षी वाढत आहे, त्या अर्थी समुद्रात मासे भरपूर आहेत. या समजुतीने जगभर फार नुकसान केले आहे. समजा, एका बंदरातील नौकांनी वर्षभरात १०० तास जाळे ओढून १० टन मासळी आणली. दहा वर्षांनी नौका वाढल्या, ४०० तास जाळे ओढले गेले आणि २० टन मासळी मिळाली. पकड दुप्पट झाली, म्हणून बाजारात आनंद होईल. पण तासाला १०० किलो मिळत होते ते आता ५० किलोवर आले आहे. समुद्रातील साठा निम्म्यावर आला असण्याचा हा इशारा होय. म्हणून पकडीच्या आकड्याबरोबर श्रमाचा आकडा हवाच. मुंबई व सौराष्ट्राच्या समुद्रात १९४९-५० पासून १९५४-५५ पर्यंत यांत्रिक नौकांनी ट्रॉल जाळ्यांनी, म्हणजे तळावरून ओढत न्यावयाच्या पिशवीसारख्या जाळ्यांनी, जी मासेमारी केली तिचा अभ्यास जयरामन, शेषप्पा, मोहमद आणि बापट या शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. अशा जुन्या नोंदींचे मोल आज विशेष आहे. कारण मासेमारी वाढण्यापूर्वी समुद्र कसा होता, हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

तथापि तासाची पकडही कधी कधी फसविते. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा संख्येने घटत असताना उरलेले मासे थोड्या जागेत दाटीने गोळा होत. नौका नेमक्या तेथेच जात, म्हणून त्यांची जाळी भरत राहिली. शास्त्रीय सर्वेक्षणातील आकडे निराळी कथा सांगत होते. अखेर १९९२ साली कॉडची मासेमारी बंद करावी लागली, हजारो कुटुंबांचा रोजगार गेला आणि ती बंदी २०२४ साली उठली. आपल्याकडील घोळीचेही थवे एकत्र येतात. हा मासा आपल्या वाताशयाच्या साहाय्याने घुमल्यासारखा आवाज करतो. हे वाताशय, ज्याला आपले कोळी ‘भोत’ म्हणतात, परदेशात सोन्याच्या भावाने विकले जाते. पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेला २०२१ साली एकाच खेपेत सुमारे दीडशे घोळी मिळाल्या आणि त्यांची विक्री एक कोटीहून अधिक रुपयांना झाली. वर्तमानपत्रांनी त्याला नशीब म्हटले ते योग्यच होते. एका थव्याच्या लाभावरून घोळीच्या साठ्याची प्रकृती ठरविणे मात्र एका लॉटरीवरून गावाची सुबत्ता ठरविण्यासारखे आहे.

यासाठी सर्वेक्षणाची नौका मासे दाट असलेली जागा शोधीत जात नाही. आधी ठरविलेल्या ठिकाणी, ठरविलेल्या जाळ्याने, ठरविलेला वेळ ती जाळे ओढते. खाणीतील वेधछिद्रांशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. जाळ्याचे तोंड १५ मीटर रुंद असेल आणि नौकेने तासाला ५ किलोमीटर वेगाने ते एक तास ओढले, तर ०.०७५ चौरस किलोमीटर तळ झाडला गेला. त्यात ३० किलो मासे मिळाले तर चौरस किलोमीटरला ४०० किलो हे प्रमाण निघते. वाटेतल्या माशांपैकी निम्मे निसटले असे धरले, तर प्रत्यक्षात ८०० किलो असावेत. हे ‘निम्मे’ कशावरून, असे कोणी विचारील. आणि या पद्धतीतील खरी अडचण तीच आहे. परंतु दरवर्षी तेच जाळे त्याच रीतीने ओढले, तर चूकही दरवर्षी सारखीच राहते आणि साठ्याचा चढउतार तरी विश्वासाने कळतो. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे जे केंद्र सुरू झाले, त्याचेच रूपांतर पुढे भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या संस्थेत झाले.

साठ्यात मासे किती आहेत याइतकेच ते कोणत्या वयाचे आहेत, हेही पाहावे लागते. थंड देशांत हिवाळ्यात माशाची वाढ मंदावते आणि त्याच्या कानातील खड्यावर झाडाच्या खोडासारखे वलय उमटते. घोळ आणि धोमा यांच्या डोक्यातील हे खडे चांगले मोठे असतात. मासे निवडणाऱ्या गृहिणींनी ते पाहिले असतील. परंतु आपल्या उष्ण समुद्रात हिवाळा तो कसला? येथील माशांचे वय वलयांवरून कळणारच नाही, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. शेषप्पा आणि भीमाचार यांनी १९५१ साली मलबारच्या लेप माशाच्या खवल्यांवर वलये दाखवून दिली व ती पावसाळ्यात वाढ थांबल्याने उमटतात असे मत मांडले. शेतकऱ्याचे वर्ष ज्या पावसाने मोजले जाते, त्यानेच माशाचेही मोजावे, ही गोष्ट मला मोठी चित्तवेधक वाटते. सर्व जातींत मात्र वलये इतकी स्पष्ट नसतात. तेथे हजारो माशांची लांबी मोजून कोणत्या लांबीचे मासे किती, याचे आलेख महिन्यामहिन्याला काढतात. आलेखातील उंचवटा पुढे सरकत जातो, त्यावरून वाढीचा वेग समजतो. १९८० नंतर हे किचकट काम संगणक करू लागला.

पकडीतील मोठे मासे दुर्मिळ होऊन सरासरी लांबी घटू लागली, की मासे म्हातारे होण्याआधीच मारले जात आहेत असे समजावे. त्यांतील बरेचसे एकदाही अंडी न घालता जाळ्यात आले असतील, तर पुढील भरती कोठून व्हावयाची? शिंगाळ्यासारख्या माशांत तर धोका अधिकच. यांतील नर अंडी तोंडात धरून राखतो आणि त्या काळात उपाशी राहतो. अंडी थोडी पण मोठी असतात. अशा नरांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यांत सापडू लागले, तेव्हा एका ओढीत दोन पिढ्या गेल्या. गेल्या शतकाच्या अखेरीस नैर्ऋत्य किनाऱ्यावर शिंगाळ्याची मासेमारी कोसळली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

ही सर्व माहिती जमवून शास्त्रज्ञ शेवटी दोन प्रश्नांवर येतो : अंडी घालण्याजोगे मासे आज पुरेसे आहेत काय, आणि सध्या ज्या वेगाने मासे काढले जात आहेत तो पेलण्याजोगा आहे काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी व दुसऱ्याचे होकारार्थी असेल, तर साठा आजारी असला तरी सावरण्याच्या मार्गावर आहे. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर विलंबाला जागा नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ साली देशातील १३५ साठे या कसोटीवर तपासले, त्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. हा आकडा समाधानकारक खरा. पण ती साठ्यांची संख्या आहे, माशांची नव्हे. उरलेल्यांत एखाद्या गावाचा मुख्य मासा असेल, तर त्या गावाला या टक्केवारीचा उपयोग नाही.

उपाय योजताना भार कोळ्यावरच पडतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. महाराष्ट्राने २०२३ साली अनेक जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरविले आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. परंतु ट्रॉल जाळे जात पाहून मासे धरीत नाही. कोळंबीसाठी बारीक आसाचे जाळे ओढले की त्यात धोमा, राणी आणि इतर कितीतरी माशांची पिले येतात. शंकरपाळ्याच्या आकाराची आस ताण बसताच मिटते. चौकोनी आस उघडी राहते आणि पिलांना वाट मिळते, म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा जाळ्यांचा प्रयोग करण्यात आला. नौकामालकाचा आक्षेप असा की, त्या वाटेने थोडी कोळंबीही जाते, आणि तो अगदीच निराधार नाही. जी पिले जाळ्यात सापडतात त्यांतील विकत न जाणारी बहुधा मेलेल्या स्थितीत पाण्यात परत टाकली जातात. धक्क्यावर वही घेऊन उभा असलेल्या निरीक्षकाला ती दिसतच नाहीत. त्यांची मोजदाद करावयाची, तर त्याला नौकेवर बसून समुद्रात जावे लागते.