खडा हातात, धूळ छातीत

टॉर्बर्नाइट दिसायला पाचूसारखा हिरवा, पातळ चौकोनी पापुद्र्यांचा. तांबं, फॉस्फेट आणि युरेनियम असलेलं हे खनिज संग्राहकांच्या कपाटात मानानं बसतं. क्षणभर हातात घेतल्यानं कुणी आजारी पडत नाही. अल्फा कण कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतात. गॅमा किरण आरपार जातात खरे, पण लहान नमुन्यापासून दुप्पट लांब गेलं की त्यांचा मारा चौथाईवर येतो. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टींची. पापुद्रे सुकून ठिसूळ होतात, त्यांची भुकटी श्वासातून आत गेली तर तेच अल्फा कण फुप्फुसाला घातक ठरतात. शिवाय युरेनियमपासून टप्प्याटप्प्यानं रेडॉन वायू तयार होतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, त्यामुळे बंद कपाटात तो साचतो. म्हणून असा नमुना नावाची चिठ्ठी लावून डबीत, झोपायच्या खोलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. हाताळल्यावर हात धुवावेत. कापण्या-घासण्याच्या फंदात पडूच नये.

बाजारातला निळा टोपाझ बहुधा मुळात बिनरंगी असतो. किरणांच्या माऱ्यानं तो निळा करतात. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा दिलेले खडे किरणोत्सार उतरेपर्यंत राखून ठेवावे लागतात, मगच ते दागिन्यात घालण्याजोगे होतात.

विषारी खड्यांचंही गणित असंच. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. तो तापवला की पाऱ्याची वाफ सुटते. मनशीळ आणि हरताळ ही आर्सेनिकची खनिजं. उजेडात ठेवलेला मनशिळीचा तांबडा स्फटिक हळूहळू पिवळा पडून भुगा होतो. पेटीच्या तळाशी असा भुगा दिसला तर फुंकर मारू नये, झटकू नये. हातमोजे घालून ओल्या कागदानं टिपून घ्यावा. स्फटिक बुडवलेलं पाणी पिण्याची टूम तर सरळ टाळावी. मॅलाकाइटमधलं तांबं आम्लात विरघळतं, म्हणजे लिंबू पिळलेल्या पाण्यातही.

आता अकीक. त्यात ना युरेनियम, ना आर्सेनिक. ती निव्वळ सिलिका. अंगठीत जन्मभर घातला तरी अपाय नाही. गुजरातेत रतनपूरचा अकीक खंभातला येतो. तिथे तो भाजून लाल करतात, फोडून घडवतात आणि चाकावर घासतात. कोरड्या घासकामात उडणारे बारीक कण फुप्फुसात खोल रुतून बसतात, भोवती व्रण धरतो, दम लागू लागतो. हा सिलिकोसिस. झालेली इजा भरून येत नाही, क्षयरोगाचा धोकाही वाढतो. कामं घराघरांत चालत असल्यानं धूळ बायका-मुलांपर्यंत पोचते. स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीनं माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ सालीच दिला.

उपाय ठाऊक आहेत: चाकावर पाण्याची धार, धूळ खेचून घेणारी यंत्रणा, धूळ अडवणारा मास्क आणि राहत्या घरापासून वेगळी कामाची जागा. या प्रत्येकाला पैसे लागतात, आणि नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला ते परवडत नाहीत. खड्याच्या अस्सलपणाचा दाखला मागणाऱ्या गिऱ्हाइकानं आणि व्यापाऱ्यानं हा खर्च किमतीत धरायला हवा.