जुनी आलिशान गाडी : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

परंड्याच्या किल्ल्यावरची मलिक-ए-मैदान तोफ 1632 साली विजापूरला नेण्यात आली. ती ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. तोफ ताब्यात येणे वेगळे आणि ती ओढत नेणे वेगळे. जुनी आलिशान फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊ पाहणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे आम्हाला वाटते.

समजा, नवी असताना साठ लाखांची असलेली गाडी दहा वर्षांनी बारा लाखांत मिळते. सौदा स्वस्त दिसतो. पण तिचे टायर, ब्रेक, गिअरबॉक्स आणि कारागिराची मजुरी ही साठ लाखांच्या गाडीचीच राहते. डिझेलचाही हिशोब पाहा. महिन्याला 1500 किलोमीटर फिरणे आहे. लिटरला 10 किलोमीटर देणारी गाडी 150 लिटर पिते, 20 देणारी साधी गाडी 75 लिटर. डिझेल 90 रुपये धरले तर महिन्याला 6,750 आणि वर्षाला 81,000 रुपयांचा फरक पडतो. आमचा ठोकताळा असा की, जेवढ्याला गाडी घ्याल त्याचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तो ठेवता येत नसेल तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही.

आता गरजेचा प्रश्न. आपल्याकडची काळी माती पाऊस पडला की चाक धरून बसते. शेतरस्त्याने किंवा वाड्यावस्त्यांवर नेहमी जाणे असेल तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी उपयोगी पडते. बार्शी-सोलापूरच्या डांबरी रस्त्यावर माल आणायला तिची गरज नाही. पुराच्या पाण्यात तर कोणतीच गाडी घालू नये. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा तालुक्यात पूर आला, तेव्हा अडकलेल्या लोकांना काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले होते.

या गाड्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात चालक लिव्हर किंवा बटणाने पुढची चाके जोडतो. फॉर्च्युनर 2009 मध्ये भारतात आली, तेव्हापासून ती आपल्याकडे ओळखीची आहे. पण दोन चाकांवर चालणारी फॉर्च्युनरही निघाली, म्हणून नाव पाहून चार चाकांची समजू नये. चालकाने जोडायच्या प्रकारात कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चालवू नये. वळणावर पुढची व मागची चाके सारखी फिरत नाहीत, त्यामुळे आतल्या दातेरी चाकांवर ताण येतो. दुसऱ्या प्रकारात चारही चाकांची जोडणी कायम असते. तिथे एक टायर फाटला म्हणून एकच नवा घालणे महागात पडते. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले हवेत. काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. अशी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावी. एखादा कोपरा खाली बसला असेल तर हवा गळते आहे.

कंपनीची स्थितीही पाहावी. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले. एन्डेव्हर घेणाऱ्याने आधी सुटे भाग कुठून आणि किती दिवसांत मिळतील, याची चौकशी करावी. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांबवर, वेगाने चालावी लागते. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्या झाल्या तर जाळी तुंबते.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली, ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. आम्ही कापडवालेसुद्धा ठाण उलगडल्याशिवाय भाव बोलत नाही. गाडीचेही तसेच करावे. सकाळी इंजिन थंड असताना चालू करून पाहावे. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का पाहावे; असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. मीटर मागे फिरवता येते, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. आपल्या भरवशाच्या मिस्त्रीकडून गाडी खालून तपासून घ्यावी.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त का मिळतात, हेही जाणून घ्या. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने 2015 मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम केली. त्यामुळे बऱ्याच गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी इकडे आणताना तिथल्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना 28, लागतो आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. हा कर तुम्ही दिलेल्या रकमेवर नसून गाडीची मूळ किंमत व वय यांवर ठरतो. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून दहा वर्षांच्या गाडीची पाचच वर्षे उरलेली असतात.

नमुना 29 व 30 भरून नाव लगेच बदलून घ्या. आधीच्या मालकाचे बँकेचे कर्ज असेल तर नमुना 35 व बँकेचे पत्र घ्या. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. विकणाऱ्यालाही हे लागू आहे. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास 2017 पासून मनाई आहे. व्यवहार बँकेमार्फत करा.

जीएसटी भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. मालवाहू टेम्पोवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण स्वतः फिरण्याच्या गाडीवर ती सहसा मिळत नाही. जकातीचे म्हणाल तर रोजच्या वापराच्या गाडीवर ती नाही. विकण्यासाठी घेतलेली गाडी मात्र तिजारतीचा माल आहे, तिच्यावर जकात आहे.

शेवटी भांडवलाचा मुद्दा. ईद आणि लग्नसराईच्या आधी माल भरायला रोकड लागते. ती गाडीत अडकली की दुकान उधारीवर चालते, आणि उधारी पुढे व्याजाच्या दारात नेऊन उभी करते. गाडी व्याजाच्या कर्जावर घेणे तर त्याहून वाईट. खरी गरज असेल, रोकड हातात असेल आणि दुरुस्तीची रक्कम वेगळी काढलेली असेल, तर गाडी जरूर घ्यावी. ती हलाल कमाईची नेमत आहे. केवळ चारचौघांत दिसण्यासाठी घेतली तर तो इसराफ झाला. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते मालाचा दर्जा आणि शब्दाची सचोटी पाहून. अल्लाह सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो.