दामरोहच्या जंगलातील विमान

अरुणाचल प्रदेशच्या अपर सियांग जिल्ह्यातील दामरोह हे आदी जमातीच्या पदम शाखेचे जुने गाव. या डोंगराळ गावाचे नाव दूर अमेरिकेतील लष्करी दप्तरात नोंदले गेले, ते वरच्या जंगलात विखुरलेल्या एका बॉम्बफेकी विमानाच्या अवशेषांमुळे.

पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर चीनला रसद पोहोचवणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि आसामातील चबुआ, दिनजान, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून कुनमिंगला माल नेणे सुरू झाले. वैमानिकांनी या वाटेला ‘हंप’, म्हणजे वशिंड, असे नाव दिले. बर्फ, वादळी वारे आणि दिशादर्शनाची अपुरी साधने यांमुळे तेथे शेकडो विमाने नष्ट झाली.

२५ जानेवारी १९४४ रोजी अमेरिकेच्या १४ व्या वायुसेनेतील पाच विमाने कुनमिंगहून चबुआकडे निघाली. त्यांपैकी ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे बी-२४ जातीचे, चार इंजिनांचे विमान आठ जणांसह बेपत्ता झाले. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ नातेवाइकांच्या हाती ‘बेपत्ता’ या शेऱ्यापलीकडे काही नव्हते.

हा शेरा बदलण्यास कारण ठरलेले क्लेटन कूल्स हे ना लष्करी अधिकारी, ना इतिहासाचे प्राध्यापक. अ‍ॅरिझोनातील हा व्यावसायिक आणि गिर्यारोहक स्वतःच्या उमेदीने अशा अवशेषांच्या शोधात ईशान्य भारत व म्यानमारच्या डोंगरांत हिंडत राहिला. अशा शोधाची खरी किल्ली स्थानिक शिकाऱ्यांकडे असते, कारण दऱ्यांतील पाऊलवाटा आणि धातूचे तुकडे कोठे पडले आहेत याची माहिती नकाशापेक्षा त्यांनाच अधिक असते. अवशेष सापडल्यावर ते कोणत्या विमानाचे हे ठरवण्यासाठी बेपत्ता विमानाविषयी त्या काळी लिहिल्या जाणाऱ्या अहवालाचा आधार घेतला जातो; त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही नोंदलेले असत, त्यामुळे गंजलेल्या भागावरील चार अंक जुळले तरी एका कुटुंबाची प्रतीक्षा संपू शकते. दामरोहजवळचे अवशेष कूल्स यांना २००६ च्या अखेरीस सापडले. अमेरिकी सरकारच्या पथकाने तेथे पद्धतशीर उत्खनन केले ते मात्र २०१५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. मिळालेले मानवी अवशेष २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीहून सन्मानपूर्वक रवाना झाले आणि त्यांतून ओळख पटलेले लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांच्यावर जून २०१७ मध्ये जॉर्जियातील कॉन्कॉर्ड या त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले.

या भागात पडलेल्या विमानांचा हलका, न गंजणारा पत्रा डोंगरातील लोकांनी भांडीकुंडी आणि घरगुती वस्तूंसाठी वापरला, यात गैर काही नव्हते. जेथे धातू पाठीवरून वाहून आणावा लागतो तेथे आकाशातून पडलेली वस्तू कोणी वाया घालवत नाही. चिंता आहे ती आजच्या हौशी मंडळींची. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पासीघाटला हंप संग्रहालय सुरू झाल्यापासून या इतिहासाविषयीचे कुतूहल वाढले असून, आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवीत टाकण्याचा मोह त्यातूनच बळावू शकतो. देशाचा प्राचीन स्मारकविषयक १९५८ चा कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तू व स्थळांचा विचार करतो, त्यामुळे १९४४ चे विमान त्याच्या कक्षेत बसत नाही. अशा ठिकाणांची नोंद आणि राखण गावांच्या ग्रामसभांकडे अधिकृतपणे सोपवून त्यासाठी निधी देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

बाहेरच्या प्रवाशाने इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात प्रवेशासाठी लागणारा परवाना, काढावा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि अवशेषांची छायाचित्रे जरूर काढावीत. मात्र एकही तुकडा जागचा हलवू नये, कारण क्रमांक असलेला भाग नाहीसा झाला तर त्या विमानातील माणसांची ओळख कायमची हरवू शकते.